लुळेपणा मोजला, जुलाब कुणी मोजले?

पायाला मुंग्या आल्या म्हणून कुणी लगेच दवाखान्यात जात नाही. एका कुशीवर झोपल्याने झाले असेल, दमणूक असेल, असे म्हणून माणूस कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघे साथ देत नाहीत. तिसऱ्या दिवशी हातातला चहाचा कप निसटतो, आणि मग घरचे घाबरून रुग्णालय गाठतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच घडले. 'गेल्या दोन-तीन आठवड्यांत काही आजारपण?' असे डॉक्टरांनी विचारल्यावर बऱ्याच जणांच्या उत्तरात एक गोष्ट सारखी होती. मध्ये दोन-तीन दिवस पोट बिघडले होते. जुलाब, उलट्या. मग बरे वाटले.

पोट बिघडलेल्या त्या दोन-तीन दिवसांची नोंद कुठे झाली, हा या लेखाचा प्रश्न आहे. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर आहे: कुठेच नाही. पुण्याच्या जीबीएस उद्रेकावर तेव्हा भरपूर लिहिले गेले. महागडी इंजेक्शने, व्हेंटिलेटर, विहिरीचे पाणी, कोंबडीचे मांस. पण आजार पसरत असताना तो आपल्याला दिसला का नाही, यावर चर्चा कमी झाली. पुढची साथ कुठलीही असो, ती वेळेत पकडायची तर या प्रश्नाला भिडावे लागेल.

काय घडले होते?

गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हा संसर्गजन्य आजार नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधी होऊन गेलेल्या संसर्गावर शरीराने दिलेली ती चुकीची प्रतिक्रिया आहे. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाच्या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जिवाणूला मारण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवरच हल्ला करतात. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर सरकतो, काहींच्या छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो, आणि मग श्वासासाठी यंत्र लावावे लागते. एरवी हा आजार दुर्मीळ आहे. एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक-दोन रुग्ण, असे त्याचे जगभरचे साधारण प्रमाण आहे.

म्हणूनच एकाच रस्त्यालगतच्या वस्त्यांमधून काही दिवसांत एकामागून एक रुग्ण येऊ लागले, तेव्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना शंका आली. २१ जानेवारीच्या सुमारास सुमारे दोन डझन संशयित रुग्णांची बातमी आली आणि राज्याच्या आरोग्य विभागाने जलद प्रतिसाद पथक नेमले. आठवडाभरात आकडा शंभरावर गेला. केंद्राने सात जणांचे पथक पाठवले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या दोनशेच्या घरात पोहोचली होती. संशयित धरून दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या एनआयव्हीत, काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस. दोन्ही पोटाचे संसर्ग. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारे.

त्या दिवसांत यंत्रणेने जे केले, त्याचे श्रेय द्यायला हवे. नमुने गोळा झाले, हजारो घरांचे सर्वेक्षण झाले, खडकवासल्याकडून येणारे पाणी ज्या नांदेडगावच्या विहिरीतून पुढे जाते तिच्याकडे लक्ष गेले, काही खासगी आरओ प्रकल्पांना टाळे लागले, पालिका रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले. पण हे सगळे लुळेपणाचे रुग्ण दाखल झाल्यावर. संसर्ग त्याच्या एक ते तीन आठवडे आधीच होऊन गेला होता.

एका रुग्णामागे किती?

कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही. वैद्यकीय साहित्यात दिले जाणारे प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी आहे. याचा सरळ अर्थ असा, की एका परिसरात जीबीएसचे रुग्ण थव्याने दिसू लागतात, तेव्हा त्यांच्या मागे पोटाच्या संसर्गाची फार मोठी लाट येऊन गेलेली असते.

या गुणोत्तरावरून पुण्याचा नेमका आकडा काढण्याचा मोह टाळायला हवा. जिवाणूच्या उपप्रकारानुसार हे प्रमाण बदलते, आणि पुण्यातल्या सगळ्या रुग्णांत हा जिवाणू सापडलेला नाही. तरीही अंदाज घेऊन पाहा. हजारात एक नव्हे, तर दहापट जास्त, म्हणजे शंभरात एकाला जीबीएस झाला असे धरले, तरी दोनशे रुग्णांमागे वीस हजार संसर्ग होतात. त्यांतल्या अनेकांना काहीच जाणवले नसेल. पण ज्यांना जुलाब झाले, ते कुठे गेले? कुणी घरीच मीठ-साखरेचे पाणी घेतले, कुणी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, कुणी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. म्हणजे हजारो लोकांचा आजार घरे, औषधाची दुकाने आणि छोटे दवाखाने यांतून वाहत होता, आणि शहराच्या आरोग्य यंत्रणेला त्याचा आवाज आला तो अतिदक्षता विभागातून.

या उशिराची किंमत दुहेरी असते. पहिली, दूषित पाणी किंवा अन्न आणखी काही दिवस लोकांच्या पोटात जात राहते. दुसरी किंमत सहसा लक्षात येत नाही: पुरावा नष्ट होतो. कॅम्पायलोबॅक्टर प्रयोगशाळेत वाढवणे तसेही कटकटीचे. त्याला कमी प्राणवायूचे वातावरण आणि ४२ अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून नेहमीच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. त्यात पाय लुळे पडेपर्यंत अनेकांच्या शौचातून जिवाणू नाहीसा झालेला असतो. पाण्याचेही तसेच. आज घेतलेला नमुना आजच्या पाण्याबद्दल सांगतो, तीन आठवड्यांपूर्वी नळातून काय आले ते नाही. जुलाबाच्या पहिल्या आठवड्यात नमुने घेतले असते, तर नेमका स्रोत बोट ठेवून दाखवता आला असता. उशिरा केलेल्या तपासात शेवटी 'शक्यता' उरतात, आणि शक्यतांवर कुणाची जबाबदारी ठरत नाही.

बेलसरला काय जमले होते?

पुणे जिल्ह्यातलेच एक उलट उदाहरण आहे. जुलै २०२१, पुरंदर तालुक्यातले बेलसर. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. गावात तापाचे रुग्ण वाढल्याचे लक्षात आले. कोविड नाही, तरी ताप आहे, सांधे दुखताहेत, आणि एका घरात नव्हे, अनेक घरांत. आधी पाच नमुने एनआयव्हीला गेले. त्यांतल्या तीनांत चिकुनगुन्या निघाला. मग मोठ्या संख्येने नमुने घेतले गेले. त्यांत चिकुनगुन्या होता, डेंगी होता, आणि एका महिलेच्या नमुन्यात झिका. महाराष्ट्रातला तो झिकाचा पहिला नोंदलेला रुग्ण होता.

या घटनेतली महत्त्वाची गोष्ट सोपी आहे. बेलसरमध्ये कुणीही झिका शोधायला गेले नव्हते. तिथे ताप मोजला गेला. नेहमीपेक्षा जास्त ताप आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आले, ते वर कळवले गेले आणि नमुने वेळेत पोहोचले. एक छोटे गाव आणि एक साधी नोंद, एवढ्यावर राज्यात नवा विषाणू पकडला गेला. साडेतीन वर्षांनी त्याच जिल्ह्यात, एनआयव्हीसारखी संस्था ज्या शहरात आहे त्या शहराच्या कडेला, हजारो पोटांचा बिघाड कुणाला दिसला नाही.

गावाला जे दिसले ते शहराला का दिसू नये? गावात आशा ताईला प्रत्येक घर माहीत असते. उपकेंद्राची नर्स, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी अशी साखळी असते. ती कुठे कमजोर, कुठे मजबूत, पण असते. शहरात, विशेषतः नव्याने वाढलेल्या उपनगरांत, ही साखळी विरळ होते. लोक खासगी दवाखान्यात जातात, आणि खासगी दवाखान्यातली नोंद डॉक्टरांच्या टेबलावरच्या वहीत राहते.

कागदावरची व्यवस्था

देशात रोगांवर नजर ठेवायची व्यवस्था नाही असे नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. त्याची रचना समजायला सोपी आहे. आरोग्य कर्मचारी लक्षणे नोंदवतो: ताप, खोकला, जुलाब, कावीळ. डॉक्टर आपल्या तपासणीवरून संशयित आजार नोंदवतो. प्रयोगशाळा पक्के निदान नोंदवते. हे तीन प्रवाह जिल्ह्यात एकत्र यावेत आणि आकडा नेहमीपेक्षा वर गेला की घंटा वाजावी, अशी कल्पना. २०२१ मध्ये हे सगळे ऑनलाइन पोर्टलवर आले. साप्ताहिक कागदांऐवजी रोजची नोंद, तीसहून अधिक आजार, गावपातळीपर्यंतचा नकाशा. या यादीत जुलाब आहेत.

पण घंटा वाजायला दोन गोष्टी लागतात. एक, 'नेहमी किती' हे माहीत असावे लागते. धायरीत किंवा किरकटवाडीत जानेवारीच्या एका आठवड्यात जुलाबाचे साठ रुग्ण हे जास्त की कमी? मागच्या तीन जानेवारींचे आकडे असतील तरच सांगता येईल. दोन, लोक जिथे उपचार घेतात तिथली नोंद यावी लागते. सरकारी दवाखान्याच्या नोंदी कितीही चोख असल्या, तरी त्या परिसरातले बहुतेक लोक जर खासगीत जात असतील, तर पोर्टलवर सगळे आलबेल दिसणार.

खासगी डॉक्टर नोंद करत नाहीत म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. संध्याकाळी दवाखान्याबाहेर रांग लागलेली, मदतीला एक कंपाउंडर, आणि त्यात पोर्टलचा लॉगिन, पासवर्ड, प्रत्येक रुग्णाची माहिती. कोण भरणार? शिवाय भरलेल्या माहितीचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. उत्तर येणार नाही अशा ठिकाणी माणूस किती दिवस पत्रे पाठवेल?

पोलिओने शिकवलेले

हे जमत नाही असेही नाही, कारण आपण ते करून दाखवले आहे. १९९७ पासून देशात पोलिओसाठी जे सर्वेक्षण उभे राहिले, त्यात 'पोलिओचा रुग्ण कळवा' असे सांगितलेच नव्हते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही वाटो, कळवा, एवढेच सांगितले होते. निदान डॉक्टरने करायचे नाही, फक्त फोन करायचा. मग सरकारी माणूस येणार, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेणार, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जाणार. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत हे व्हायला हवे, असा दंडक.

या जाळ्यात मोठी रुग्णालये होती, तसे खासगी डॉक्टर होते, वैदू आणि मांत्रिकही होते, कारण लोक मुलांना त्यांच्याकडेही नेत. एकही रुग्ण नसेल, तरी दर आठवड्याला 'निरंक' असा अहवाल द्यावाच लागे. शून्य हीसुद्धा माहिती आहे, गप्प बसणे ही नाही. पोलिओच्या सुमारे दोनशे संसर्गांत एकालाच लुळेपणा येतो, म्हणून रुग्णांवर विसंबून न राहता मुंबईत २००१ पासून सांडपाण्यातही विषाणू शोधला जाऊ लागला. १३ जानेवारी २०११ रोजी देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

गंमत अशी, की पोलिओ गेल्यावर या जाळ्यात जी मुले सापडतात, त्यांच्यातल्या लुळेपणाचे एक मोठे कारण जीबीएसच आहे. म्हणजे जीबीएस टिपणारी यंत्रणा आपल्याकडे होती. पण ती पंधरा वर्षांखालच्यांसाठी, आणि त्यांच्या नमुन्यात शोधायचा तो पोलिओचा विषाणू. चाळिशीतला माणूस लुळा पडला, तर त्याची नोंद कुणाकडे करायची हे ठरलेले नव्हते. ज्या डॉक्टरांनी जानेवारीत पुढाकार घेऊन कळवले, त्यांनी ते आपल्या जागरूकतेतून केले. साथीचा शोध कुणाच्या वैयक्तिक जागरूकतेवर सोडायचा नसतो.

ग्रामपंचायत गेली, महापालिका पोहोचायची होती

आजार शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे पाण्यावर नजर ठेवणे. जीबीएसचे रुग्ण ज्या पट्ट्यात प्रामुख्याने दिसले, त्यात किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी ही नावे पुन्हा पुन्हा येत होती. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. हा पट्टा त्या वाढीतला आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याच्या गुणवत्तेची एक पद्धत आहे. गावात जलसुरक्षक असतो. टीसीएल पावडर किती टाकली, नळाला क्लोरीन येते का, हे पाहणे त्याचे काम. क्लोरीन पाहण्यासाठी ओटी टेस्ट: नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही पद्धत सगळीकडे नीट चालते असा दावा कुणी करणार नाही. पण पाणी खराब आले तर कुणाच्या दारात जायचे, हे गावाला ठाऊक असते.

गाव शहरात गेले की ग्रामपंचायत त्या दिवशी संपते. महापालिकेची जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, आरोग्य निरीक्षक मात्र त्या दिवशी येत नाहीत, त्याला वर्षे लागतात. मधल्या काळात इमारती उभ्या राहतात, टँकर सुरू होतात, बोअर घेतले जातात, 'आरओ'च्या नावाने जार भरणारी दुकाने निघतात. पाणी एका नळातून येत नाही, दहा वाटांनी येते, आणि प्रत्येक वाटेचा मालक वेगळा. त्यात मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. 'आमच्याकडे आठ दिवस पाण्याला वास येतोय' हे ज्याला हक्काने सांगायचे, ते माणूसही जागेवर नव्हते.

विशेष म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर हा काही चिवट जिवाणू नाही. क्लोरीनपुढे तो टिकत नाही, उकळल्यावर मरतो. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे, हा पिण्याच्या पाण्याचा साधा निकष आहे. दुसऱ्या पारड्यात उपचार ठेवून पाहा. जीबीएसच्या साठ किलो वजनाच्या रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवसांत १२० ग्रॅम लागते. त्याचा खर्च लाखांत जातो. शिवाय अतिदक्षता विभाग, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी आणि बुडालेला रोजगार. बहुतेक रुग्ण बरे होतात हे खरे, पण बरे होण्याचा रस्ता लांब असतो.

दोन आक्षेप

असे सर्वेक्षण हवे म्हटले, की दोन आक्षेप येतात. पहिला: रोज जुलाब मोजत बसलो तर खोट्या इशाऱ्यांनी यंत्रणा थकेल. लग्नाच्या पंगतीतले पोट बिघडणेही नोंदले जाईल. नोंदले जाऊ दे. पंगतीतली विषबाधा एका दिवसात उसळून दोन दिवसांत बसते, पाण्याची साथ आठवडाभर चढत जाते. ती कोणत्या जलवाहिनीवरच्या घरांत आहे, हे नकाशावर दिसते. कोण, कुठे, कधी या तीन प्रश्नांची उत्तरे समोर असली, तर शंभर इशाऱ्यांतले कोणते खरे हे ओळखता येते. उत्तरेच नसतील तर ओळखायला काही उरत नाही.

दुसरा आक्षेप: आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील. पुण्यात लोक घाबरलेच. जीबीएस एकमेकांपासून लागतो अशी समजूत पसरली, चिकनच्या दुकानांत ग्राहक कमी झाले. पण ही भीती आकडे जाहीर केल्याने आली नव्हती. ती अचानक, एकदम मोठा आकडा कानावर पडल्याने आली होती. ज्या परिसरात दर आठवड्याला पाण्याची आणि जुलाबाची स्थिती जाहीर होते, तिथे वाढलेला आकडा ही पाणी उकळायची सूचना असते. जिथे काहीच सांगितले जात नाही, तिथे तोच आकडा अफवा होतो.

सर्वेक्षणात विश्वासाची किंमत किती असते, हे पुण्याला वेगळे सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये घरात घुसून रुग्ण शोधणाऱ्या सरकारी पथकांनी जो संताप ओढवून घेतला, तो इतिहास या शहराच्या रस्त्यांवर आहे. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आजही लागू आहे. त्या अनुभवाचा धडा असा, की आजार दडवला जातो तो शिक्षेच्या भीतीने, आणि सांगितला जातो तो मदतीच्या खात्रीने. म्हणून जुलाबाच्या नोंदीत रुग्णाचे नाव लागत नाही. परिसर, वयोगट आणि तारीख पुरते.

काय करता येईल?

पहिले काम खासगी डॉक्टरांसोबत. शहरातल्या प्रत्येक दवाखान्याला पोर्टलवर आणण्याचा हट्ट धरण्याऐवजी, प्रत्येक प्रभागात दहा-पंधरा दवाखाने निवडावेत. रोज रात्री एकच संदेश: आज जुलाबाचे किती, तापाचे किती, कावीळ आहे का. नसेल तर 'निरंक'. आणि महापालिकेने दर आठवड्याला त्यांना परिसराचा एकत्रित आकडा परत पाठवावा. तो आकडा डॉक्टरांच्याही कामाचा असतो, कारण समोरचा ताप डेंगीचा असण्याची शक्यता किती, हे त्यावरून कळते.

दुसरे, औषध दुकाने. जुलाबाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे अचानक जास्त खपू लागली, तर दुकानदाराला ते डॉक्टरांच्याही आधी कळते. त्याच्याकडे बिलिंगचे संगणक आहेत. त्याला विचारणारा कुणी नाही.

तिसरे, नमुना वेळेत. जुलाबाची संख्या वाढली की पहिल्या दहा-वीस रुग्णांचे शौच आणि त्याच दिवशीचे पाणी एकत्र तपासायला गेले पाहिजे. कुठल्या प्रयोगशाळेत, कुणाच्या सहीने, किती तासांत, हे आधी ठरलेले असावे. सांडपाण्याची तपासणी कोविडच्या काळात पुण्यासह काही शहरांत झाली होती. ती साथीपुरती न ठेवता कायमची करावी.

चौथे, पाण्याचा निकाल दारावर. कोणत्या टाकीखालच्या भागात आज क्लोरीन किती, हे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर आणि मोबाइलवर दिसले पाहिजे. टँकर आणि जारवाल्यांचाही त्यात समावेश हवा. नवी गावे शहरात घेताना पाणी तपासणीची जबाबदारी पहिल्या दिवसापासून कुणाची, हे हस्तांतराच्या कागदावरच लिहावे.

उरले आपण. सोसायटीच्या चेअरमनने टाकी धुतल्याची तारीख लिहिण्यासोबत आठवड्यातून एकदा ओटी टेस्ट करून फलकावर लावली, तर पाच मिनिटांचे काम आहे. इमारतीत एकाच आठवड्यात तीन-चार घरांत पोटे बिघडली, तर ती फक्त ज्याची त्याची अडचण नाही. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात कळवावे. पाण्याला वास किंवा रंग असेल तर पाणी उकळूनच प्यावे आणि तक्रार लेखी करावी. जुलाबानंतर तीन आठवड्यांच्या आत हातापायांना मुंग्या, चालताना अडखळणे, गिळायला त्रास असे काही जाणवले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून थांबू नये. जीबीएसचे उपचार लवकर सुरू झाले तर अधिक गुण देतात.

जीबीएसची साथ ही फक्त पुण्याची कथा नाही. पेरू देशात २०१९ मध्ये कॅम्पायलोबॅक्टरशी जोडलेला असाच मोठा उद्रेक झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा रुग्ण वाढून आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. एकदा येऊन गेले म्हणजे सुटलो, असे होत नाही.

सिंहगड रस्त्याच्या त्या उद्रेकात आपण रुग्णालयातल्या खाटा मोजल्या, व्हेंटिलेटर मोजले, मृत्यू मोजले. ते मोजावेच लागते. पण त्या आकड्यांवर रोखण्यासारखे फार काही उरलेले नसते. रोखता येते ते त्याआधीच्या तीन आठवड्यांत, जेव्हा आजार अजून 'पोट बिघडलंय जरा' एवढाच असतो. हे वाक्य या शहरात रोज हजारो वेळा बोलले जाते. ते ऐकून लिहून ठेवणारे कुणीतरी हवे.